चौथीचा अपूर्णांकाचा तास सगळ्या पोरांना कळेल असा कसा घ्यायचा

समावेशित शिक्षण, म्हणजे सगळी मुलं एकाच वर्गात एकत्र शिकणं, असं म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं एका मुलासाठी वेगळी वर्कशीट काढायची, त्याला मागं बसवायचं आणि बाकीच्यांचा तास नेहमीसारखा घ्यायचा. कृपया असं करू नका, त्या पोराला लगेच कळतं आपल्याला बाजूला काढलंय. तासाचं टाचण काढतानाच बघा की ज्याला कमी ऐकू येतं, ज्याची वाचताना अक्षरं सुटतात, जी ऊसतोडीवरून मार्चमध्ये परत आलीये, जिच्या घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलतात, ही सगळी याच तासात कशी शिकतील.

अपूर्णांक घ्या. फळ्यावर अंश-छेद लिहून सुरुवात नको. प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी द्या, दोनदा दुमडायला लावा, उघडून एक भाग रंगवायला सांगा. ज्याला नीट दिसत नाही त्याला जरा जाड कागद द्या म्हणजे घडी बोटाला लागते. मग तोंडाने म्हणा, चारातला एक, पाव, दुकानातून पावकिलो साखर आणणाऱ्या पोरांना हे आधीच माहिती असतं. फळ्यावर १/४ शेवटी येऊ दे, आणि लिहिताना जे लिहिताय ते मोठ्याने बोला.

पण फळ्याकडे तोंड करून शिकवू नका. कमी ऐकू येणारं मूल तुमचे ओठ बघत असतं, म्हणून लिहून झालं की वळा आणि परत सांगा. खिडकीला पाठ करून उभं राहिलं की तुमचा चेहरा अंधारात जातो, तेही टाळा. श्रवणयंत्र बाकांचा आवाजसुद्धा मोठा करतं, त्यामुळे नुसतं पुढं बसवून भागत नाही, दारापासून लांबची जागा द्या. मागच्या पोराने उत्तर दिलं तर तेही तुम्ही परत म्हणा.

प्रश्न विचारला की थांबा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्ग बघितले तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबायचे, तेच तीन सेकंद थांबले की जास्त मुलं बोलायला लागली आणि उत्तरंही मोठी यायला लागली. पावरी बोलणाऱ्या दोघी असतील तर त्यांना एकत्र बसवा, आधी आपसात त्यांच्या भाषेत बोलू द्या, मग मराठीत सांगतील.

तपासताना मात्र एक ठरवा, आपण गणित बघतोय की अक्षर? पाऊण भाग पट्टीवर दुमडून दाखवला, तोंडी सांगितला, चित्र काढलं, सगळं चालेल. वाचायला त्रास होणाऱ्याला सगळ्यांसमोर अचानक उदाहरण वाचायला उठवू नका, आदल्या दिवशी ओळ देऊन ठेवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचायला, लिहायला किंवा गणिताला कायम अडणं, त्यातच येते. शंका आली तर पालकांशी बोला, केंद्रावरच्या (आसपासच्या शाळांच्या गटासाठी नेमलेल्या) विशेष शिक्षकांना बोलवा, तपासणी करून घ्या. दहावीला लेखनिक, जादा वेळ मिळतो पण त्याला प्रमाणपत्र लागतं आणि त्याची धावपळ दहावीत सुरू केली तर फार उशीर होतो, आठवीतच कागदं हलवा. आणि लेखनिकाला गणित तोंडी सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे, "तीन छेद चार" म्हटल्यावर समोरचा काय लिहितोय हे मुलाने विचारून तपासायला हवं, त्याची प्रॅक्टिस शाळेच्या सहामाहीपासूनच करून घ्या.