डिस्कचा पासवर्ड विसरलात? आधी या चुका टाळा

एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे चावीशिवाय वाचताच येणार नाही अशा कुलूपबंद डिस्कला चोरदरवाजा नसतो. नागपुरातल्या बर्डीवरचा दुरुस्तीवाला कितीही हुशार असला तरी चावीशिवाय त्यालाही आत काहीच दिसत नाही. म्हणूनच हाताशी असलेल्या वाटा स्वतःच्या घाईने बंद करू नका. पासवर्ड आठवत नाही हे कळल्यावर पहिल्या तासात माणसं जे करतात, त्याने बहुतेक नुकसान होतं.

यंत्र काय मागतंय ते न वाचणं

ही चूक इतक्यांदा दिसते की तिच्यावर सविस्तर बोललंच पाहिजे. ठरलेलं प्रकरण असं. दिवाळीत बर्डीवरून लॅपटॉप घेतला, दुकानातल्या पोराने तिथेच चालू करून दिला. वर्षभर चार आकडी पिनवर सगळं सुरळीत चाललं. मग बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झालं आणि सकाळी निळा पडदा: बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की टाका. "भाऊ, पिन तर बरोबरच टाकून राहिलो ना मी, घेतच नाही हे!"

पिन बरोबरच असेल, पण तो इथे मागितलेलाच नाही. विंडोजचा पिन, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि बिटलॉकरची रिकव्हरी की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकव्हरी की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. ती कोणी बसून ठरवलेली नसते, त्यामुळे आठवण्याचा प्रश्नच नाही, ती शोधायची असते. "मी तर एन्क्रिप्शन लावलंच नव्हतं" हेही खरं असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकलेल्या आणखी यंत्रांवर ते लागू झालं.

की त्याच खात्यात जमा होते. दुसऱ्या कुठल्याही फोनवरून त्या खात्यात शिरा आणि डिव्हाइसच्या यादीतून रिकव्हरी कीचं पान उघडा. तिथे चार-पाच की दिसल्या तर निळ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. जुळत नसेल ती की टाकत बसू नका.

खरी अडचण पुढे येते: खातं कोणाचं? दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्या किंवा तात्पुरत्या ईमेलवर लॅपटॉप चालू केला असेल, तर तुमची की त्याच्या खात्यात पडली आहे. बिल शोधा, दुकानात जा आणि सेटअपला कोणता ईमेल टाकला होता ते विचारा. लॅपटॉप नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीचा किंवा कॉलेजचा असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असते, त्यांना की आयडी कळवा. नवीन लॅपटॉप घेताना मात्र सीलबंदच घरी आणा आणि स्वतःच्या खात्यावर चालू करा. दुकानात वाचलेली वीस मिनिटं फार महाग पडतात.

की मिळेपर्यंत एक उपाय करता येतो. टीपीएम नावाची चिप यंत्र सुरू होण्याचा क्रम मोजते आणि मोजमाप जुळलं तरच चावी सोडते. बायॉसमध्ये तुम्हीच सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचेच प्रोग्राम चालू देणारी सेटिंग) बंद केलं असेल, बूटचा क्रम बदलला असेल किंवा पेनड्राइव्ह लावून ठेवला असेल, तर सगळं होतं तसं करा. अनेकदा निळा पडदा पुन्हा येत नाही. पण मदरबोर्डच बदलला असेल तर जुना टीपीएम त्याच्याबरोबर गेला. मग रिकव्हरी कीशिवाय इलाज नाही. म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी की कागदावर उतरवा आणि बायॉस अपडेटच्या आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’, म्हणजे तात्पुरता थांबवा.

आकडे वाचता न येणं

की कागदावर आहे, पण घेत नाही, हेही नेहमीचं. आपल्याकडे याला एक खास कारण आहे. घाईत काही आकडे मराठीत आणि काही इंग्रजीत लिहिले जातात. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार हा इंग्रजी आठसारखा. इथे गणित कामाला येतं: कीमधल्या प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने निःशेष भाग जातो आणि कोणताही गट ७,२०,८८५ पेक्षा मोठा नसतो. समजा गट ४१९२६५ आहे. त्याला ११ ने भागलं की ३८,११५ येतात, बाकी शून्य. त्यातला एक हा नऊ समजून ४९९२६५ वाचलं तर भाग जात नाही. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटे झाले, तर ही चाचणी चूक पकडतेच. आठही गट कॅल्क्युलेटरवर तपासा, मग संशय नेमका कुठे घ्यायचा ते कळेल.

चालू यंत्र बंद करणं

पासवर्ड आठवत नाही, पण यंत्र चालू आहे आणि डिस्क उघडी आहे. एवढी चांगली संधी रीस्टार्ट मारून घालवणारे पाहिले की जीव तुटतो. रीस्टार्ट करून काहीही आठवत नाही.

आधी चार्जर लावा. झाकण मिटल्यावर काहीच होऊ नये अशी सेटिंग करा, अपडेट थांबवा. डेस्कटॉप असेल तर वीज सांभाळा. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी लाईट गेली की सगळं संपलं. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडवर तो विजेवरून बॅटरीवर येईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो.

मग पहिलं काम डेटाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. नकललेल्या दहा-बारा फाइल उघडून पाहा, नुसती नावं दिसून भागत नाही. विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क असतील तर कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावरून रिकव्हरी की छापून घेता येते, किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये मॅनेज-बीडीई या आज्ञेच्या ‘प्रोटेक्टर्स’ पर्यायाने ती पडद्यावर दिसते. जुना पासवर्ड लागत नाही. लक्स ही लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत. तिच्या लक्स२ आवृत्तीच्या डिस्कमध्ये चालू यंत्रातून चावी काढणं सोपं नाही, तिथे नक्कल हाच खात्रीचा मार्ग.

‘फॉरमॅट करा’ला होकार

व्हेराक्रिप्टची (हेही डिस्क एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर) किंवा लक्सची डिस्क विंडोजला जोडली की ते म्हणतं, वापरण्याआधी फॉरमॅट करा. विंडोजला ती डिस्क ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रद्द करा. लक्सची चावी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये असते. त्यावर काही लिहिलं गेलं, तर नंतर पासवर्ड आठवूनही उपयोग नाही.

टीपीएम साफ करणं

एएमडीच्या काही यंत्रांवर सुरुवातीलाच ‘एफटीपीएम रीसेट करायचा का’ असा प्रश्न येतो, म्हणजे प्रोसेसरमधल्या टीपीएममधली चावी पुसायची का. रिकव्हरी की हातात नसेल तर ‘वाय’ दाबू नका, ‘एन’ दाबा.

कीबोर्ड न तपासणं

सुरुवातीच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी वेगळी असू शकते. ब्रिटिश आणि अमेरिकन मांडणीत ‘ॲट’चं चिन्ह आणि दुहेरी अवतरण यांची जागा अदलाबदल होते. नमलॉक बंद असतो, बाजूच्या आकड्यांची बटणं चालत नाहीत. पासवर्ड वरच्या ओळीतल्या आकड्यांनी टाकून बघा.

अंदाजाने टाइप करत बसणं, किंवा ‘क्रॅक’ करून देणाऱ्याला पैसे देणं

लक्स एका प्रयत्नाला साधारण दोन सेकंद घेतं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. आठ लहान इंग्रजी अक्षरांचा कसाही जुळवलेला पासवर्ड घेतला तर शक्यता होतात २०,८८२ कोटींहून जास्त. त्याच यंत्रावर सगळ्या तपासायला तेरा हजार वर्षं लागतील. पण तुम्हाला तुकडे आठवत असतील, म्हणजे नाव, साल, शेवटचं चिन्ह, तर हजारभर जुळण्यांची यादी अर्ध्या-पाऊण तासात तपासून होते. यादी कागदावर करा आणि तपासलेल्यावर खूण करा. व्हेराक्रिप्टमध्ये पीआयएम (पासवर्डबरोबर द्यायचा आकडा) बदललेला असेल तर तोही आठवावा लागतो. तो चुकला की बरोबर पासवर्डही चुकीचाच ठरतो.

की त्याच लॅपटॉपवर ठेवणं

याबद्दल काय बोलायचं! दोन कागद करा. एक घरात सातबारा आणि रेशनकार्डाच्या फाइलमध्ये, दुसरा बहिणीकडे किंवा भावाकडे, वेगळ्या घरात. पाडव्याला आणि दसऱ्याला पासवर्ड एकदा हाताने टाइप करून बघा. बोटांची सवय सहा महिन्यांत जाते.

हेडरची नक्कल न ठेवणं, किंवा जुनी विसरणं

लक्स२ चा हेडर साधारण १६ एमबीचा. क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या प्रोग्रामच्या हेडर बॅकअपच्या आज्ञेने दोन मिनिटांत नक्कल होते, ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा. कालच पासवर्ड बदलला आणि नवा आठवत नाही? बदलण्याआधीची नक्कल असेल तर आधी सध्याच्या हेडरची नक्कल बाजूला ठेवा, मग जुनी परत चढवा. मधल्या काळात डिस्क नव्याने एन्क्रिप्ट केली नसेल, तर जुना पासवर्ड पुन्हा चालतो. मात्र हीच जुनी नक्कल दुसऱ्याच्या हाती लागली आणि जुना पासवर्ड त्याला माहीत असला, तर तुमची डिस्क त्यालाही उघडता येते. म्हणून नवा पासवर्ड महिनाभर रोज टाइप करून पक्का झाला की नवी नक्कल काढा आणि जुनी पुसून टाका.