सुयांवर चौकडीची शाल: आडवे पट्टे विणायचे, उभे नंतर भरायचे

आमच्या परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत थंडी लई कडक पडती, पारा दहाच्या खाली जातो, आणि लाइट रात्रीची असली की बाबांना ज्वारीला पाणी द्यायला शेतात जावंच लागतं. त्यांच्यासाठीच ही शाल विणली.

चौकडी म्हटलं की बरेच जण एका ओळीत दोन-तीन रंग घेऊन विणतात. स्वेटरला ते चालतं, शालीला मला नाही पटत. संभाजीनगरची हिमरू शाल उलटी करून बघा, नक्षीचे धागे मागं सुटे पडलेले दिसतात, तसंच विणकामात पण होतं, आणि शाल दोन्ही बाजूनं दिसती, शिवाय त्या धाग्यांत बोटं, बांगड्या अडकतात. म्हणून आडवे पट्टे सुयांवर विणायचे आणि उभ्या रेघा नंतर क्रोशाच्या सुईनं भरायच्या.

मी मध्यम जाडीची लोकर आणि 8 नंबरच्या म्हणजे 4 मिमीच्या सुया घेतल्या (नंबर वाढला की सुई बारीक होती, दुकानात गडबड होती इथं). मरून जास्त, हळदी आणि पांढरी थोडी थोडी. आधी छोटा तुकडा विणून मोजा, माझे 10 सेंमीत 22 टाके आणि 28 ओळी बसल्या. तोच तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा, मरूननं रंग सोडला तर पांढरी लोकर वापरूच नका.

109 टाके घाला, रुंदी साधारण 50 सेंमी येती. पहिल्या 6 ओळी सगळ्या सुलट, म्हणजे काठ गुंडाळत नाही. मग समोरच्या बाजूनं काठाचे 5 सुलट, पुढं 9 सुलट 1 उलट असं 9 वेळा, मग 9 सुलट आणि काठाचे 5 सुलट. मागून येताना काठ सुलटच, मधे 9 उलट 1 सुलट, शेवटी 9 उलट. म्हणजे समोरून उलट टाक्यांच्या 9 उभ्या नाल्या तयार होतात, रेघा त्यातच भरायच्यात.

याच दोन ओळी परत परत विणत 10 ओळी मरून, 2 हळदी, असं 35 वेळा, शेवटी परत 10 मरून, 6 सुलट ओळी आणि टाके सैल बंद करा. ओळी जोडीनं असल्यानं धागा एकाच कडेला परत येतो, तोडायची गरज नाही, फक्त दर दोन ओळींनी हळदीला मरूनचा एक पीळ द्या. रंग बदलतो तिथं नालीत आधीच्या रंगाचा ठिपका दिसंल, घाबरू नका, तो रेघेखाली झाकतो.

आता खरं काम. गोळा शालीच्या मागं धरा, क्रोशाची सुई समोरून. खालच्या पहिल्या उलट टाक्याच्या गाठीशेजारी सुई आरपार घाला, मागचा धागा वर ओढा, फास सुईवर राहू द्या. वरच्या ओळीत तसंच घाला, धागा ओढा आणि तो पहिल्या फासातून काढा. दर ओळीला एक, साखळी चढत जाती. एक रेघ हळदी, एक पांढरी, दोन्ही टोकाच्या रेघा हळदी येतात. पहिल्या शालीला मी साखळी ताणून ओढली होती, तीन रेघा झाल्यावर आई म्हणली, "काय विणायलीस गं, शाल गोळा व्हायली की" आणि तिन्ही उसवाव्या लागल्या. म्हणून दर वीसेक ओळींनी शाल जमिनीवर पसरून बघा, ओढ दिसली तर फास सैल करा, नाहीतर मोठी क्रोशाची सुई घ्या.

रेघेच्या दोन्ही टोकांना वीतभर धागा सोडा, तेच गोंड्यात घ्यायचे. धुताना गार पाणी, पिळू नका, टॉवेलात दाबून सावलीत आडवी वाळवा. लोकर अ‍ॅक्रिलिक असंल तर इस्त्री अजिबात नको, एकदा चपटी झाली की परत फुगत नाही.