जुना जपानी सिनेमा पाहताना: सुरुवात ओझूंपासून

जुन्या जपानी सिनेमाकडे वळणाऱ्याला बहुतेक जण अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) सुचवतात. चित्रपट थोर आहे, परंतु तो प्रेक्षकाला इतक्या वेगाने ओढून नेतो की दिग्दर्शकाने नेमके काय केले, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रारंभ यासुजिरो ओझू यांच्या ‘लेट स्प्रिंग’पासून (१९४९) करावा, असे माझे मत आहे.

विधुर प्राध्यापक आणि त्यांना सोडून सासरी जाण्यास नाखूश असलेली मुलगी नोरिको, एवढीच ही कथा. पाहताना प्रथम कॅमेऱ्याच्या उंचीकडे लक्ष द्यावे. तो बहुधा जमिनीलगत आणि स्थिर असतो. दोन प्रसंगांच्या मध्ये रिकाम्या खोल्या, झाडे, मंदिरे दिसतात. तेथे चित्रफीत पुढे सरकवण्याचा मोह टाळावा, कारण आधीच्या प्रसंगाचा भार त्याच क्षणांत मनात उतरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय दाखवलेले नाही, याची नोंद ठेवावी. ज्याच्याशी विवाह ठरतो तो तरुण एकदाही पडद्यावर येत नाही आणि विवाहसोहळाही दिसत नाही. नववधूच्या वेशातील नोरिको दिसते, त्यानंतर वडिलांचे एकटेपण. क्योतोच्या मुक्कामात तिचे स्मित आणि नंतरचे डबडबलेले डोळे यांच्या मध्ये एक फुलदाणी दिसते, जिच्या अर्थावरून समीक्षक आजही वाद घालतात. ती मते वाचण्यापूर्वी चित्रपट दोनदा पाहावा. दुसऱ्या वेळी संवाद ठाऊक असल्याने नजर उपशीर्षकांवरून उठून चेहऱ्यांवर स्थिरावते.

त्यानंतर केंजी मिझोगुची यांचा ‘उगेत्सु’ (१९५३) घ्यावा. शेवटाकडे कुंभार घरी परततो तेव्हा घर ओस दिसते. तो घराला वळसा घालून पुन्हा दारात येतो आणि त्याच अखंड दृश्यात चुलीपाशी पत्नी बसलेली असते. ओझूंच्या स्थिर चौकटीची सवय झालेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याच्या या वळणाचे मोल तत्काळ जाणवते. छायाचित्रण काझुओ मियागावा यांचे आहे. त्यांनीच कुरोसावांच्या ‘राशोमोन’मध्ये (१९५०) झाडीतून थेट सूर्यावर कॅमेरा रोखला होता, त्यामुळे पुढचा चित्रपट तोच असावा, त्याला १९५१ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ‘सेव्हन सामुराई’ यानंतर, सुट्टीच्या दिवशी, कारण त्याची लांबी साडेतीन तासांच्या जवळपास आहे.

मिकिओ नारुसे यांचे नाव अशा याद्यांतून बरेचदा गळते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या ‘व्हेन अ वूमन असेंड्स द स्टेअर्स’मध्ये (१९६०) टोकियोच्या गिन्झा भागातील बारची व्यवस्थापिका रोज जिना चढते, त्या चढण्यात हिदेको ताकामिने यांचा चेहरा दर वेळी कसा बदलतो, ते पाहावे.