जेलमामध्ये पेशी प्रिंट करताय? आधी तापमान बघा
थ्रीडी बायोप्रिंटिंगसाठी पेशी एनसीसीएसच्या (पुण्याचं नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) रिपॉझिटरीतून, म्हणजे पेशींच्या साठ्यातून, मागवता येतात, तो भाग सोपा. खरी गंमत जेलची, म्हणजे जेलमाची (जिलेटिनपासून बनवलेलं, प्रकाशाने पक्कं होणारं जेल). जेलमा ३७ डिग्रीला पातळ असतं, २० च्या आसपास घट्ट होतं, त्यामुळे पुण्यात मे महिन्यात एसी बंद पडला की प्रिंट केलेली जाळी पसरलीच म्हणून समजा, प्रिंटरचा बेड (ज्यावर प्रिंट होतं तो पाट) थंड ठेवाच. पेशी हलक्या हाताने मिसळा, बुडबुडे नकोत, आणि प्रेशर वाढवून घाई तर अजिबात नको, बारीक नोझलमधून रेटलं की पेशी मरतात (सरळ सुईपेक्षा निमुळतं टोक बरं, माझं मत). जेलमध्ये एलएपी (प्रकाश पडला की जेल पक्कं करणारं रसायन) आधीच घातलेलं हवं, मग ४०५ नॅनोमीटरचा लाइट मारा आणि लगेच मीडियात (पेशींच्या पोषक द्रावणात) टाकून इन्क्युबेटरमध्ये. जाड तुकड्याचा मोह टाळा, रक्तवाहिन्या नसताना २०० मायक्रॉनच्या पुढे आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळणं अवघडच.