पेलेट शेगडीत खडे धरत होते, त्यावर केलेला उपाय

मागच्या पडवीत आमची पंख्याची पेलेट शेगडी आहे. पेलेट म्हणजे भुसा किंवा पाचट दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या. आंघोळीचं पाणी आणि रविवारचा तांबडा रस्सा तिच्यावरच. आषाढात ती रुसली. ज्योत पिवळी, धूर डोळ्यांत, पातेल्याच्या बुडाला काजळी. पंखा नि वायर तपासली, दोन्ही ठीक. राख उपसली तेव्हा कळलं: तळाच्या जाळीवर काचेसारखे कडक खडे चिकटलेले, हवेची भोकं बुजलेली.

या खेपेचे पेलेट उसाच्या पाचटाचे होते. कोल्हापुरात पाचटाला काय तोटा! पण त्यात सिलिका आणि पोटॅश जास्त. अशी राख लाकडाच्या राखेपेक्षा लवकर मऊ होते आणि गोळे धरते. युरोपातल्या ए१ दर्जाच्या लाकडी पेलेटला राख ०.७ टक्के आणि ओलावा १० टक्के एवढीच मुभा असते. 'सगळं सारखंच जळतंय की,' हे दुकानदाराचं मत. शेगडीला ते पटलं नाही.

शेगडी पूर्ण गार झाल्यावर खडे उलथन्यानं खरवडले, भोकं तारेनं मोकळी केली. साध्या लाकडी भुशाचे पेलेट आणले. रंगवलेल्या लाकडाचा किंवा प्लायचा भुसा नको, त्यातल्या रंगाचा नि डिंकाचा धूर वाईट. गोळी पाण्यात टाकून बघतो: घट्ट दाबलेली असेल तर बुडते, मग फुगून भुसा होते. पोत्याच्या तळाचा चुरा चाळून काढतो, कारण तोही हवा अडवतो. पोतं फरशीवरून उचलून झाकणाच्या पिंपात ठेवलंय. इथल्या पावसात पेलेट नुसत्या दमट हवेनंही फुगतात. ज्योत आता जोरात आहे. राख मात्र रोज काढावीच लागते.