लॅम्ब तरंगांचा स्पेक्ट्रोग्राम वाचताना

पत्रा न कापता त्यातील दोष शोधायचा, तर सुरुवात संगणकापाशी न करता कागदावर करावी. उदाहरणादाखल २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा घेऊ. त्यावर ३०० मिमी अंतराने दोन पिझोइलेक्ट्रिक चकत्या (विजेचे कंपनात आणि कंपनाचे विजेत रूपांतर करणाऱ्या) चिकटवून एकीतून २०० किलोहर्ट्झचा, पाच आवर्तनांचा, हॅनिंग विंडो लावलेला (म्हणजे दोन्ही टोकांकडे हळूहळू क्षीण होणारा) स्पंद सोडायचा. वारंवारता आणि जाडी यांचा गुणाकार येथे ०.४ मेगाहर्ट्झ-मिमी इतकाच असल्याने पत्र्यात केवळ एस-शून्य (सममित) आणि ए-शून्य (प्रतिसममित) हे दोनच प्रकारचे लॅम्ब तरंग, म्हणजे पातळ पत्र्यातून जाणारे कंपनतरंग, धावतात. त्यांचे समूहवेग (स्पंद पुढे सरकण्याचे वेग) अनुक्रमे सुमारे ५.४ आणि २.७५ मिमी प्रति मायक्रोसेकंद असतात.

भागाकार केल्यास ५६ आणि १०९ मायक्रोसेकंद मिळतात. परंतु स्पंद २५ मायक्रोसेकंदांचा असून त्याचे शिखर मध्यावर असते, म्हणून स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेची ऊर्जा आली ते दाखवणाऱ्या चित्रात; आडवी वेळ, उभी वारंवारता) ठिपके ६८ आणि १२२ च्या आसपास दिसायला हवेत. ते तेथे नसतील, तर पुढे जाऊ नये.

बहुधा चूक स्पेक्ट्रोग्रामच्या विंडोच्या, म्हणजे संकेताचा एकेक तुकडा तपासणाऱ्या चौकटीच्या, वेळेत सापडते. ५ मेगाहर्ट्झने नमुने घेतले असतील, तर २०० नमुन्यांची विंडो ४० मायक्रोसेकंदांची होते. तिची वेळ मध्याऐवजी आरंभाशी नोंदवली, की सारे चित्र २० मायक्रोसेकंदांनी सरकते, म्हणजेच ए-शून्याच्या मार्गात तब्बल ५५ मिमीची चूक होते. विंडो लांबवली की वारंवारता स्पष्ट होते, मात्र दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळू लागतात. हा व्यवहार कोणत्याही सॉफ्टवेअरला टाळता येत नाही.

अधिक रेखीव चित्राच्या मोहाने विग्नर-व्हिल वितरण (वेळ आणि वारंवारता एकत्र दाखवण्याची दुसरी गणिती पद्धत) वापरल्यास दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे ९५ मायक्रोसेकंदांपाशी, तिसरा ठिपका उमटतो. तो दोष नसून गणिताची छाया असते. साध्या स्पेक्ट्रोग्राममध्ये तो दिसत नाही, यावरून तो ओळखावा.

आता समजा, साध्या स्पेक्ट्रोग्राममध्येही १६२ मायक्रोसेकंदांपाशी ठिपका आहे. स्पंदाच्या शिखराचे साडेबारा मायक्रोसेकंद वजा केल्यावर, तो ए-शून्याचा असेल तर मार्ग सुमारे ४१० मिमी, एस-शून्याचा असेल तर ८१० मिमी. निवाडा ठिपक्याच्या आकारावरून करावा: या वारंवारता-पट्ट्यात ए-शून्याच्या उच्च वारंवारता आधी पोहोचतात, त्यामुळे तो किंचित कललेला दिसतो, तर एस-शून्याचा जवळपास उभा राहतो. ठिपका कललेला असल्यास आणि वाटेत तरंगाचा प्रकार बदललेला नसल्यास, दोन्ही चकत्या नाभी मानून ४१० मिमी बेरजेचे लंबवर्तुळ पत्र्यावर आखावे. दोष त्या रेषेवर कोठेतरी असतो. नेमकी जागा सांगण्यास तिसरी चकती लागते.