इव्हँजेलियनचे स्पिनऑफ मंगा वाचायचेत? आधी २६वा एपिसोड नीट बघा

इव्हँजेलियन म्हणजे पोरं ‘इव्हा’ नावाचे महाकाय रोबो चालवतात ती जपानी ॲनिमे सिरीज, आणि स्पिनऑफ मंगा म्हणजे तीच पात्रं वेगळ्या कथेत टाकलेली जपानी कॉमिक्स. डायरेक्ट स्पिनऑफ उघडलात तर काय दिसणार, शाळा, दप्तरं, पोरापोरींची भांडणं, आणि तुम्ही म्हणणार ह्यात काय एवढं. आहे हो, पण मूळ सिरीजच्या हीरोचे, शिंजीचे, काय हाल झालेत ते माहिती असेल तरच ते लागतं. म्हणून आधी १९९५-९६ची टीव्ही सिरीज संपवा, २६च एपिसोड आहेत, आणि शेवटचा अजिबात स्किप करू नका. बरेचजण तिथे वैतागून बंद करतात आणि नेमकं तिथेच मध्ये अचानक एक वेगळं जग येतं, त्याच्यासोबतची पायलट आसुका शिंजीला झोपेतून उठवतेय, आई जिवंत, बाप पेपरात डोकं घालून बसलाय, दुसरी पायलट, एरवी गप्प असणारी रेई तोंडात टोस्ट धरून पळत येते ती थेट शिंजीवर आदळते, त्यांची कमांडर मिसातो चक्क टीचर! काही मिनिटांचाच तुकडा. पण शाळेतले शिंजी-आसुका-रेई सुरू होतात ते इथून.

आता पहिला कोणता? माझं मत, फुमिनो हायाशीचा ‘एंजेलिक डेज’. सहाच खंड, आणि ह्यात शाळा असली तरी इव्हा पण आहेत, त्यामुळे एकदम परक्या घरात गेल्यासारखं होत नाही. वाचताना एकच सवय लावा, प्रत्येक पात्राकडे बघून विचारायचं की ह्याच्या आयुष्यातून लेखिकेने काय काढून घेतलंय किंवा काय परत दिलंय. शिंजीला आई परत दिलीये. पोरगा तरी बुजराच आहे, पण तो बुजरेपणा आता साधा वयातला वाटतो, जखमेचा नाही. आणि रेई बडबडी! मला पहिल्यांदा हे पचलंच नाही, चार-पाच चॅप्टर राग राग केला, मग लक्षात आलं की मूळ रेईला असं बडबडायचा चान्सच कधी मिळाला नव्हता.

‘शिंजी इकारी रेझिंग प्रोजेक्ट’ १८ खंडांचा आहे, कॉमेडी आहे, सलग बसून वाचाल तर कंटाळाल, अधूनमधून घ्या. ‘कॅम्पस अपोकॅलिप्स’ चारच खंड, तिथे इव्हा म्हणजे रोबो नाहीतच, हातात धरायची शस्त्रं आहेत, ॲक्शनवाल्यांनी आधी हा घेतला तरी चालेल.

हो, पानं उजवीकडून डावीकडे, हे नवीन लोकांसाठी. आणि ‘हे मूळ कथेत कुठे बसतं’ ह्याचा टाइमलाइन चार्ट काढत बसू नका, बसत नाही, बसवायचं पण नाहीये.

हा खेळ आवडला तर पुढे कोड गियास ह्या दुसऱ्या ॲनिमेमधल्या सुझाकूचा मंगा घ्या, ‘सुझाकू ऑफ द काउंटरअटॅक’, दोनच खंड. तिथे त्याचा रोबो लान्सलॉट चालवायचा नसतो, सुझाकू तो अंगावर चढवतो.